किडनीचा जन्मजात आजार असलेल्या मुलांची फुप्फुसाची टेस्ट : नागपूरच्या धंतोलीतल्या या लॅबचा तीन वर्षांचा अनुभव

लेकीला तीन वर्षांपासून इथे पीएफटीसाठी आणून राहिली मी, म्हणजे फुंकायची टेस्ट, स्पायरोमेट्री. मागच्या आठवड्यात तिसरी वार्षिक टेस्ट झाली आणि घरी आल्यावर ठरवलं की आता लिहायचंच, कारण पहिल्यांदा मी शोधत होती तेव्हा मोठ्या माणसांच्या दम्याचे रिव्ह्यू सगळीकडे होते पण किडनीच्या लेकराला घेऊन कोणी गेलं का, तिथे लहान पोरांना नीट सांभाळतात का, यावर एक ओळ सापडली नव्हती. माझ्याकडून पाचपैकी पाच. तक्रारी पण आहेत, त्या खाली लिहिते.

आधी थोडं आमचं सांगते, नाहीतर किडनीच्या पेशंटला छातीच्या लॅबमध्ये कशाला नेलं हेच कळणार नाही. चिऊला (घरचं नाव) एआरपीकेडी आहे, दोन्ही किडन्यांमध्ये बारीक बारीक गाठी असतात पाण्याच्या आणि किडन्या आकाराने खूप मोठ्या होतात. आईकडून एक आणि बाबांकडून एक असे दोन्ही बिघडलेले जीन आले तरच होतो, आम्ही दोघं धडधाकट, आमच्या कोणाच्याच घरात कधी कोणाला नव्हता. साधारण २० हजार जन्मांत एक असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पीकेएचडी१ नावाचा जीन, २००२ मध्ये सापडला, आणि आमच्यासारख्या जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका, हे सगळं आता पाठ झालंय मला.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाची तयारी सुरू होती, साडी पण आणून ठेवली होती आईने, आणि त्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टर मॅडम बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या पाणी खूप कमी आहे आणि बाळाच्या किडन्या मोठ्या आणि पांढऱ्या दिसून राहिल्या. मला वाटलं पाणी कमी म्हणजे मी पाणी कमी पिली. तसं नसतं. पोटातलं ते पाणी शेवटच्या महिन्यांत बहुतेक बाळाच्या लघवीचंच असतं, किडनी लघवी करत नसेल तर पाणी कमी होतं, आणि फुप्फुसं वाढायला ते पाणी लागतं, बाळ पोटात श्वास घेतल्यासारखी छाती हलवतं तेव्हा फुप्फुसात फुप्फुसाने स्वतः तयार केलेलं पाणी भरलेलं असतं, आणि बाहेरचं पाणी कमी झालं की ते आत टिकत नाही. पाणी नाही तर फुप्फुसं लहान राहतात. वरून किडन्या एवढ्या मोठ्या की खालून छातीचा पडदा वर ढकलतात. म्हणजे आजार किडनीचा पण जन्मल्या जन्मल्या जिवावर येतं ते श्वासाचं. चिऊ २२ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) होती, त्यातले ९ दिवस व्हेंटिलेटरवर, उजव्या बाजूला फुप्फुसाच्या बाहेर हवा भरली म्हणून नळी टाकली होती, त्याचा छोटा व्रण अजून आहे बरगडीखाली.

मग घरी आलो आणि पुढची सहा वर्षं सगळं लक्ष क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची तपासणी), बीपी, वजन, उंची, लिव्हर, प्लीहा यांच्यावर. ते पाहिजेच, त्यात काही चूक नाही, या आजारात लिव्हरला पण त्रास होतो आणि बीपी तर तान्ह्या वयापासून. पण फुप्फुसाचं नाव कोणी काढलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी पण नाही काढलं, मला वाटायचं व्हेंटिलेटर निघाला ना, झालं, तो विषय संपला. पहिलीत गेल्यावर शाळेतून मॅडमचा फोन आला की ग्राउंडवर दोन चक्कर मारल्या की बसून जाते, ओठाजवळ थोडं निळसर वाटलं एकदा. तेव्हा मी किडनीच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी लगेच हार्टची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायला सांगितली, हिमोग्लोबिन पाहिलं, कारण किडनीच्या आजारात रक्त कमी होतं आणि त्यानेही धाप लागते, आणि सोबत पीएफटी लिहून दिली. म्हणाले सहा वर्षांची झाली आहे, आता फुंकता येईल तिला, त्याआधी मुलं नीट करत नाहीत.

पहिली टेस्ट इथे नाही झाली, घराजवळच्या दुसऱ्या एका ठिकाणी केली, नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलाने विचारलं उंची किती, हिचे बाबा म्हणाले असेल ११८, त्याने ११८ लिहून टाकलं. चपला काढायला सांगितल्या नाहीत, भिंतीला उभं केलं नाही. खोलीत नेलं, तोंडात नळी दिली, फूंक फूंक जोरात फूंक, दोनदा फुंकलं, तिसऱ्यांदा रडायला लागली, झालं, रिपोर्ट. रिपोर्टवर आलं ६७ टक्के आणि खाली मशीनने छापलेलं मॉडरेट रिस्ट्रिक्शन, म्हणजे फुप्फुसात मावणारी हवा मध्यम प्रमाणात कमी. त्या रात्री मी झोपली नाही. आईला फोन करून रडली. मनात एकच, की एवढं सगळं करून पण फुप्फुसं गेली.

आता इथलं सांगते. आठ दिवसांनी मैत्रिणीच्या सांगण्यावरून इथे आलो, जुना रिपोर्ट दाखवला, तर टेक्निशियन ताईंनी तो हातात घेतला, आधी टक्के नाही पाहिले, उंची पाहिली. मग चिऊकडे पाहिलं. म्हणाल्या, ही ११८ नाही वाटत मला, चप्पल काढ बेटा. भिंतीला टाच, पाठ, डोकं टेकवून, वरून पट्टी टेकवून मोजली, दोनदा मोजली. ११२ निघाली. सहा सेंटीमीटरचा फरक.

आणि इथेच मला ती गोष्ट कळली जी प्रत्येक किडनीवाल्या आईबापाला माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटते. मशीन जे टक्के छापते ते कशाच्या टक्के, तर त्या वयाच्या, त्या उंचीच्या मुलीची फुप्फुसं किती असायला पाहिजे त्याच्या. उंची जास्त टाकली की अपेक्षा जास्त धरते आणि लेकरू नापास होते. आपली पोरं किडनीमुळे वयाच्या मानाने बुटकी असतात, वर्गात पहिल्या रांगेत उभी राहणारी, आणि अंदाजाने उंची सांगितली की आपण शेजारच्या पोराकडे पाहून सांगतो. तेच लेकरू, तीच फूंक, फक्त उंची बरोबर टाकली तर ६७ चे ७७ झाले. थोडं कमी आहे, पण मॉडरेट वगैरे नाही. ताईंनी मला गणित स्क्रीनवर करून दाखवलं, आधी ११८ टाकून, मग ११२ टाकून. मी तिथेच खुर्चीवर बसून गेली.

टेस्ट कशी करतात तेही लिहिते कारण लहान पोरांचं अर्धं यश त्याच्यात आहे. आम्हाला सकाळी पहिला नंबर मिळाला होता तर ताई एक मोठा पारदर्शक पंप मशीनला लावून मागेपुढे करून राहिल्या होत्या, चिऊने विचारलं हे काय, तर म्हणाल्या ही तीन लिटरची पिचकारी आहे, मशीन रोज खरं बोलते का ते आधी मी तपासते मग तुला तपासेन. चिऊला ते इतकं आवडलं की ती घरी येऊन सगळ्यांना सांगत होती, मशीनची पण टेस्ट असते. मग पायाखाली लाकडी स्टूल दिला कारण पाय लोंबकळत होते, स्कर्टचं इलास्टिक सैल करायला सांगितलं, मोठ्या किडन्यांमुळे तिचं पोट पुढे आहे, वाकून बसली की आणखी दबतं, ताठ बसली की पडद्याला खाली यायला जागा मिळते. फोनवरच सांगितलं होतं की दोन तास आधीपासून भरपेट काही देऊ नका, पोहे टेस्टनंतर.

नाकाला चिमटा लावला तर पोट्टी घाबरली, मग ताईंनी स्वतःच्या नाकाला लावला आणि तसंच गेंगाण्या आवाजात बोलायला लागल्या, चिऊ हसली, लावून घेतला. प्रत्येकासाठी नवीन फिल्टर, पाकीट आपल्यासमोर फोडतात, हे मी मुद्दाम पाहिलं कारण आमच्या लेकरांना इन्फेक्शन परवडत नाही. स्क्रीनवर मेणबत्त्या येतात, फुंकलं की विझतात. पण ताई म्हणाल्या मेणबत्त्या विझल्या की पोरं थांबतात, म्हणून त्या शेजारी गुडघ्यावर बसून अजून अजून अजून अजून, असं शेवटपर्यंत बोलत राहतात, स्वतःचा श्वास संपेपर्यंत. पहिल्या दोन फुंका टाकून दिल्या, सरळ सांगितलं या धरायच्या नाहीत. मग मध्ये पाणी, दोन मिनिटं आराम. एकूण सात वेळा फुंकलं. त्यातल्या तीन चांगल्या, आणि सगळ्यात मोठ्या दोन फुंका एकमेकींच्या जवळ आल्या पाहिजेत, यावेळी ती आठ वर्षांची आहे तर १५० मिलीच्या आत फरक पाहिजे, तसा आला तरच रिपोर्ट काढतात. न जमल्यास परत बोलावतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. आमच्यासमोर एका पाच वर्षांच्या मुलाला तसंच परत पाठवलं, त्याच्या आईला म्हणाल्या चुकीचा रिपोर्ट देण्यापेक्षा न दिलेला बरा, घरी वाढदिवसाची पिपाणी फुंकायची प्रॅक्टिस करवा आणि महिन्याने या.

मग स्पेसरमधून (पंपाला लावायची प्लास्टिकची नळी) साल्ब्युटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे चार पफ देतात, १५ मिनिटं बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. दम्यामुळे नळ्या आवळल्या असतील तर पफनंतर आकडा चांगलाच वाढतो. चिऊचा नाही वाढला. हे फार कामाचं ठरलं, कारण आमच्याकडे तेव्हा खोकल्याचं मोठं लचांड सुरू होतं. कोरडा खोकला, रात्री जास्त, तीन महिने. आजीचा हळद-दूध काढा झाला, एका डॉक्टरांनी दमा समजून दम्याचा पंप (इनहेलर) सुरू केला होता. इथले छातीचे डॉक्टर रिपोर्ट वाचायला आठवड्यातून दोन दिवस येतात, त्यांनी औषधांची यादी मागितली, मी बीपीची गोळी सांगितली, एनालाप्रिल, तर लगेच म्हणाले ही कधीपासून वाढवली? या प्रकारच्या बीपीच्या गोळ्यांनी काही जणांना असाच कोरडा खोकला येतो. स्वतः काही बंद नाही केलं त्यांनी, मला पण बजावलं की तुम्ही पण बंद करायची नाही, किडनीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. किडनीच्या सरांनी गोळी बदलून दुसऱ्या जातीची दिली आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. पंपही बंद झाला. सहा वर्षं किडनीचं औषध एका फाइलमध्ये आणि छातीचं दुसऱ्या फाइलमध्ये, दोन्ही एकाच टेबलवर उघडले ते इथे.

इथली अजून एक गोष्ट. वेटिंगमध्ये अमरावतीहून आलेली एक ताई भेटली, तिचा मुलगा पोटाच्या डायलिसिसवर आहे, म्हणजे पोटात पाणी भरून रक्त साफ करतात ते. लॅबने तिला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की पोटातलं पाणी काढून मग या, पाणी भरलेलं असलं की पडदा वर दाबला जातो आणि आकडा उगाच कमी येतो. एवढा विचार करून फोन करणारी लॅब मी तरी नागपुरात दुसरी पाहिली नाही.

आता तक्रारी. पार्किंग अजिबात नाही, धंतोलीत दवाखान्यांची एवढी गर्दी की गल्लीत गाडी उभी करायचा विचार पण करू नका, आम्ही यशवंत स्टेडियमच्या बाजूला लावून चालत येतो, नाहीतर मेट्रोने काँग्रेसनगरला उतरा, तिथून जवळ आहे. लॅब दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट दोनदा बंद होती. धाप लागणाऱ्या पेशंटसाठी असलेल्या जागी लिफ्ट बंद, हे मला पटत नाही, मी तोंडावर सांगितलं आणि रजिस्टरमध्ये लिहून पण आली. जिने चढल्यावर चिऊला २० मिनिटं बसवलं ताईंनी, मगच फुंकायला लावलं, पण मुळात ही वेळ यायला नको. दुपारी चारनंतर मोठ्यांची गर्दी असते, लहान मुलांना सकाळचीच वेळ मागा. पफसकट १२०० रुपये घेतले यावर्षी, पहिल्या वर्षी ९०० होते. रिपोर्ट फक्त यावर्षीचा छापून देतात, मागचे आकडे शेजारी टाकून देत नाहीत, ते मला स्वतः वहीत लिहावं लागते. मशीनमध्ये जुना डेटा आहे तर एक कागद जास्त छापायला काय हरकत आहे, हे पण सांगितलं आहे, पुढच्या वेळी देतो म्हणाले.

आणि एक, ही टेस्ट सगळं सांगत नाही. फुंकून झाल्यावर फुप्फुसात जी हवा उरते ती या मशीनला मोजता येत नाही, त्यामुळे फुप्फुसं खरंच एकूण लहान आहेत की फूंक कमी पडली, हे पक्कं सांगायला मोठी टेस्ट लागते, डब्यासारख्या काचेच्या केबिनमध्ये बसवून करतात ती. ती इथे होत नाही. डॉक्टरांनी हे स्वतःहून सांगितलं, आणि म्हणाले सध्या गरज नाही, दरवर्षी एकाच मशीनवर, एकाच पद्धतीने करत राहू आणि रेघ वर जाते का खाली ते पाहू.

आमची रेघ सांगते, कारण असे आकडे मला तेव्हा कुठे वाचायला मिळाले असते तर ती रात्र तशी गेली नसती. सहाव्या वर्षी एका फुंकीत ९७० मिली, ७७ टक्के. सातव्या वर्षी ११२० मिली, ७९ टक्के. यावेळी १३१० मिली, ८१ टक्के. डॉक्टर म्हणाले दोन-चार टक्क्यांचा फरक मनावर घेऊ नका, फूंक दिवसावर अवलंबून असते, पण मिली दरवर्षी वाढून राहिले म्हणजे फुप्फुसं उंचीसोबत वाढत आहेत, ते महत्त्वाचं. जन्मानंतर पण फुप्फुसात हवेच्या नव्या पिशव्या तयार होत असतात, पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त, पण नंतरही काही वर्षं चालू राहते. हे ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. प्रत्येक लेकराचं वेगळं असते, कोणाचं ५५ पण असेल, माझ्या आकड्यावरून आपलं ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा.

घरी काय बदललं ते पण थोडक्यात, कारण हे पण यांनीच विचारून विचारून काढलं. पहिला प्रश्न होता कूलर कोणता. नागपूरचं घर म्हणजे एप्रिल ते जून कूलर चोवीस तास, आमचा गवताच्या पॅडवाला, आणि मागच्या वर्षीचीच पॅड धुऊन लावायचो आम्ही. बाबांनी खोलून पाहिलं तर आतल्या बाजूला काळी बुरशी आणि टाकीत तळाला चिखल. आता दरवर्षी सुरुवातीला नवी पॅड आणि दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासायची, आणि पहिल्या दिवशी पाणी न सोडता तासभर पंखा चालवून धूळ बाहेर जाऊ द्यायची, तेव्हा चिऊ दुसऱ्या खोलीत. देवघरात उदबत्ती बंद, सासूबाईंनी स्वतःहून बंद केली, फक्त समई. दिवाळीचे तीन दिवस आम्ही गावी जातो आता. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनियाची लस झालेली आहे. ताप आला तर पॅरासिटामॉलच, आयबुप्रोफेन नाही, ते किडनीसाठी आधीपासूनच माहीत होतं पण इथे काउंटरवरसुद्धा मोठ्या अक्षरात लिहून लावलंय, बरं वाटलं. आणि खेळणं बंद नाही करायचं, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, दमली की थांबू द्या, पण बसवून ठेवू नका. पोटावर मार लागेल असे खेळ तेवढे नाही, मोठ्या किडन्या आणि प्लीहा आहेत म्हणून. सायकल चालते, पोहणं चालते.

ज्यांना जायचं आहे त्यांनी सोबत काय न्यावं : सगळ्या औषधांची यादी डोससकट, शेवटची इको, शेवटचं हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन, जुना पीएफटी असेल तर तो, एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड (हे मला शोधायला घर उलथंपालथं करावं लागलं, पण किती दिवस व्हेंटिलेटर होता ते त्यांना पाहिजे असते). सर्दी-खोकला झाला असेल तर फोन करून तारीख पुढे ढकला, त्यात केलेली टेस्ट धरत नाहीत. आणि उंची तुम्ही सांगू नका, त्यांनाच मोजू द्या. कोणी दुसऱ्या ठिकाणी जात असाल तर तिथे पण सांगा की मोजा.

आमची पुढची तारीख पुढच्या वर्षी जानेवारीत, संक्रांत झाली की. चिऊने आताच सांगून ठेवलंय की यावेळी पिचकारीने मशीन तपासायचं काम तिला करायचं आहे, ताई हो म्हणाल्या आहेत, फक्त आठच्या आधी पोचायला पाहिजे.